सिलिंडर तेच, पेट्रोलची वाट निराळी

प्रश्न : माझ्या वडिलांकडे 1990 च्या दशकातील हीरो होंडा सीडी 100 आहे आणि माझ्याकडे तीन वर्षांपूर्वी घेतलेली शंभर सीसीची गाडी. दोन्हींच्या कागदांवर 97.2 सीसी असेच लिहिले आहे. वडिलांची गाडी बॅटरी उतरलेली असली तरी किकवर सुरू होते. माझी मात्र उतारावरून ढकलूनही होत नाही. इंजिन तेच असेल, तर बदलले काय?
– एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : 50 मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि 49.5 मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) हे सीडी 100 चे माप पुढे 1994 मध्ये आलेल्या स्प्लेंडरने घेतले आणि ते आजही टिकून आहे. सीडी 100 ही फोर-स्ट्रोक गाडी बाजारात आली 1985 मध्ये. त्याच सुमारास आलेल्या यामाहा आरएक्स 100 आणि सुझुकीच्या एएक्स 100 या दोन्ही टू-स्ट्रोक होत्या. टू-स्ट्रोकमध्ये जळालेला वायू बाहेर लोटण्याचे काम आत येणारे ताजे मिश्रणच करते आणि त्यातले काही न जळता सायलेन्सरवाटे निघून जाते. फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टन वर येताना एक खेप केवळ धूर बाहेर टाकण्यासाठीच घेतो, म्हणून पेट्रोल वाचते; शिवाय ऑइलही त्यात मिसळावे लागत नाही. खेड्यातून तालुक्याला रोज ये-जा करणाऱ्या माणसाला ही गाडी परवडली ती या एका खेपेमुळे, असे मला मनापासून वाटते.

बदल झाला तो सिलिंडरपर्यंत पेट्रोल पोहोचवण्याच्या पद्धतीत. जुन्या गाडीत हवेत पेट्रोल मिसळण्याचे काम कार्ब्युरेटर करतो आणि त्याला वीज लागत नाही. पेट्रोल टाकीतून आपल्या वजनाने खाली उतरते आणि इंजिनाने ओढलेल्या हवेबरोबर आत जाते. ठिणगीपुरती वीज इंजिनाबरोबर फिरणारा मॅग्नेटोच देतो. ही रचना साधी असली, तरी हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण तीत सतत थोडे मागेपुढे होत राहते. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या, वाहनांच्या धुराविषयीच्या बीएस-6 नियमांना ते चालण्यासारखे नव्हते, कारण धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करतो तो वजनाने सुमारे 14.7 भाग हवेला एक भाग पेट्रोल असतानाच. हे प्रमाण सांभाळण्यासाठी ऑक्सिजन सेन्सर, इंजिनाचे तापमान सांगणारा सेन्सर, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, टाकीतला विजेचा पंप आणि या सर्वांना हुकूम देणारे ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, आले. बॅटरी पूर्ण उतरली, की पंपाला दाब धरता येत नाही आणि ईसीयूही जागे होत नाही; मग गाडी कितीही ढकलली तरी इंजिनात पेट्रोलच पोहोचत नाही.

म्हणून वडिलांच्या गाडीवर लागलेल्या दोन सवयी आपण सोडाव्यात. बॅटरी अगदी संपेपर्यंत चालवू नये. सकाळी सेल्फ जड फिरू लागला की त्याच आठवड्यात तिची तपासणी करून घ्यावी. दुसरी सवय रिझर्व्हची. जुन्या गाडीत कॉक फिरवून निश्चिंत राहता येत असे, परंतु नव्या गाडीतला पंप भोवतीच्या पेट्रोलानेच थंड राहतो, आणि टाकी वारंवार कोरडी पडली तर तो लवकर खराब होतो.

प्रश्न : टॅपेटचा आवाज पूर्ण बंद होईपर्यंत ते घट्ट करून घेतले तर चालेल का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : नाही. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह (सिलिंडरची झडप) दाबून उघडणारा भाग. इंजिन तापले की व्हॉल्व्हची दांडी लांबते आणि त्यासाठीच तिच्यात व टॅपेटमध्ये केसाएवढी फट ठेवलेली असते. ती नाहीशी केली, तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) जाते, गाडी चढाला दम टाकते आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो. हलकी, एकसारखी टिकटिक राहू द्यावी. फट मोजायची ती इंजिन पूर्ण थंड असताना, फीलर गेजने, म्हणजे मोजलेल्या जाडीच्या पातळ पट्टीने. त्यामुळे गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजमध्ये सोडून सकाळी पहिले काम हेच करायला सांगावे.