लहान एलचा लॉग (log), मोठ्या एलचा लॉग (Log) आणि एलएन (ln): तिन्ही एकच का?

एकच नाहीत. "एल लहान काय नि मोठा काय, काय फरक पडतो?" असं तुमच्या सरांनी सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय, म्हणून उत्तर लिहायला बसलो. हेच वाक्य मीही ऐकलंय, आणि त्यात माझे चार मार्क गेले.

कॉम्प्लेक्स अॅनालिसिसच्या पेपरात उणे २आय (आय म्हणजे उणे १ चं वर्गमूळ) या संख्येचा लॉग विचारला होता. छापलेला एल लहान. संख्येच्या कोनात, म्हणजे आर्ग्युमेंटमध्ये, २ पाय (π) मिळवले तरी संख्या तीच राहते, म्हणून तिच्या लॉगची मूल्यं अनेक असतात. आमच्या पुस्तकात लहान एल म्हणजे सगळी मूल्यं आणि मोठा एल म्हणजे फक्त मुख्य मूल्य, म्हणजे आर्ग्युमेंट उणे पायपेक्षा मोठं आणि जास्तीत जास्त पाय धरून येणारं एकच मूल्य. म्हणून मी वास्तव भाग एलएन २ (म्हणजे २ चा पाया ई चा लॉग) लिहिला आणि काल्पनिक भाग उणे पाय भागिले २, अधिक २ पायची कोणतीही पूर्णांक पट. सरांना हवं होतं एकच मूल्य. पेपर घेऊन त्यांच्याकडे गेलो, पुस्तक उघडून दाखवलं. "इतकं कोण बघतं?" म्हणाले.

बघावंच लागतं! उणे १ गुणिले उणे १ म्हणजे १, त्याचा मुख्य लॉग शून्य. पण उणे १ चा मुख्य लॉग पाय आय, दोनदा मिळवला की २ पाय आय. सगळी मूल्यं धरली तर गुणाकाराचा नियम (गुणाकाराचा लॉग म्हणजे लॉगांची बेरीज) टिकतो, मुख्य मूल्यांना तो सरसकट लागू पडत नाही. ऋण संख्येच्या लॉगवरून लायब्निट्स आणि योहान बर्नुली हे गणिती १७१२-१३ मध्ये पत्रांतून भांडत होते. मूल्यं अनंत आहेत हे पुढे ऑयलरने दाखवलं, तेव्हा तो वाद मिटला. आणि आम्हाला तेच एका अक्षरात गुंडाळायला सांगतात.

एलएन मी फक्त धन वास्तव संख्यांसाठी वापरतो, तुम्हीही तसंच करा. नुसता लॉग कॅल्क्युलेटरवर पाया १० चा असतो, पायथॉनमध्ये पाया ई चा. आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकात पाया १० ला एलजी आणि पाया २ ला एलबी आहे, पण वर्गात ते फारसं कुणी लिहीत नाही.

एक सांगायचं राहिलं. काही जुन्या पुस्तकांत नेमकं उलटं आहे: मोठा एल सगळ्या मूल्यांचा, लहान एल मुख्य मूल्याचा. सर त्या पुस्तकांवर शिकलेले असतील तर त्यांचं उत्तर त्यांच्या जागी बरोबर होतं. पण मग कुठली पद्धत धरायची हे प्रश्नपत्रिकेत एका ओळीत छापायला हवं होतं. तुमच्या पेपरात ती ओळ नसेल तर उत्तराच्या सुरुवातीला तुम्हीच लिहा: "आर्ग्युमेंट उणे पायपेक्षा मोठं आणि जास्तीत जास्त पाय धरलं आहे."