नवोदितांच्या लेबलकडे ट्यून पाठवण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या तिन्ही ट्यून लक्षपूर्वक ऐकल्या. ड्रम अँड बेस या वेगवान इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या कोणत्या लेबलकडे, म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडे, त्या पाठवाव्यात, असे तू विचारले आहेस. तुझ्या पत्रात पाच लेबलांची नावे आहेत, मात्र त्यांनी अलीकडे प्रकाशित केलेल्या एकाही ट्यूनचा उल्लेख नाही, आणि मला काळजी वाटते ती याचीच. नवोदितांना संधी देणारे लेबल सर्वांसाठी खुले असते, असा तुझा समज दिसतो. प्रत्यक्षात अशा लेबलची आवडनिवड मोठ्या लेबलइतकीच ठाम असते.

लंडनच्या हॉस्पिटल रेकॉर्ड्सचे उदाहरण घे. 1996 साली सुरू झालेल्या या संस्थेने 2006 मध्ये मेड स्कूल हे धाकटे लेबल काढले आणि ‘न्यू ब्लड’ या संकलनांतून अनेक अपरिचित नावे पुढे आणली. सेंट पीटर्सबर्गच्या बॉपचे अतिशय बारीक, नाजूक तालकाम तिथे प्रकाशित झाले, आणि व्हायोलिन-पियानोच्या वाद्यमेळावर उभे असलेले कीनोचे संगीतही तिथलेच. वरवर पाहता या दोघांत साम्य नाही. तरीही दोघांनी स्वरांना श्वास घ्यायला जागा ठेवली आहे आणि बेसचा आवाज धाक दाखवण्यासाठी वापरलेला नाही. 2019 मध्ये मेड स्कूल थांबले, पण त्याचे जुने काम क्रमाने ऐकलेस तर लेबलची निवड म्हणजे काय, हे तुला कळेल. तुझी दुसरी ट्यून सरळसरळ जंप-अप, म्हणजे उसळत्या, आक्रमक बेसच्या वळणाची आहे. ती अशा ठिकाणी पाठवणे म्हणजे तिचे आणि ऐकणाऱ्याचेही नुकसान करणे होय.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या क्षेत्रातील नवी ट्यून श्रोत्यांपर्यंत पोहोचण्याआधी डीजेच्या हाती जाते. नव्वदच्या दशकात मेटलहेड्झ या लेबलच्या रविवारच्या रात्री लंडनच्या हॉक्स्टन स्क्वेअरमधल्या ब्लू नोट क्लबमध्ये होत, तेव्हा ताज्या ट्यून डबप्लेटवर कोरून आणल्या जात. मऊ लेपाची ती तबकडी काही डझन वेळा वाजवली की झिजत असे, तरीही लोकांसमोर ट्यूनची परीक्षा घेण्यासाठी एवढा खर्च केला जाई. आज फाइल पाठवली जाते, परीक्षा मात्र तीच आहे: आधीच्या ट्यूनमध्ये मिसळून वाजवता येईल अशी तुझी रचना आहे का? तुझ्या दुसऱ्या ट्यूनची प्रस्तावना 20 बारची (एक बार म्हणजे चार मात्रा) आहे आणि चौथ्या बारपासूनच तिच्यात पूर्ण चाल सुरू होते. 174 बीपीएमला, म्हणजे मिनिटाला 174 मात्रांच्या वेगाने, 32 बार म्हणजे सुमारे 44 सेकंद. तेवढ्या अवधीत डीजेला जुनी ट्यून उतरवून नवी चढवायची असते, आणि त्याच वेळी तुझी चाल वेगळ्या सुरात वाजू लागली तर तो ती ट्यून पुन्हा हाती घेणार नाही. 16 किंवा 32 बार केवळ तालाला दे, चाल नंतर येऊ दे.

तालाबद्दल माझी तक्रार नाही, उलट मनापासून कौतुक आहे. पहिल्या मात्रेवर किक (मोठ्या ड्रमचा खोल ठोका), दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर स्नेअर (कडक, खणखणीत ठोका) आणि तिसरी मात्रा अर्धी उलटल्यावर दुसरी किक, हा टू-स्टेपचा साधा ठेका तू स्नेअरच्या मधल्या हलक्या ठोक्यांनी इतका जिवंत केला आहेस की तो सलग चार मिनिटे ऐकूनही कंटाळा आला नाही. बेसकडे मात्र पुन्हा पाहा. तिसऱ्या ट्यूनचा सब-बेस, म्हणजे सर्वांत खालचा बेस, सी स्वरावर सुमारे 33 हर्ट्‌झपर्यंत उतरतो, आणि तिथे बऱ्याच क्लबांच्या ध्वनियंत्रणेची ताकद संपते. एफ ते जी या पट्टीत, म्हणजे साधारण 44 ते 49 हर्ट्‌झवर, असंख्य ट्यून रचल्या जातात त्या याच कारणाने. हेडफोनवर विसंबून राहू नकोस. ब्रिस्टॉलमध्ये राहतोस, तेव्हा एखाद्या डीजेला विनंती करून क्लब उघडण्याआधी ट्यून तिथे वाजवून पाहा.

पहिल्या ट्यूनमध्ये तू जुन्या नाट्यपदाच्या रेकॉर्डमधला आवाज घेतला आहेस. तो सुंदर बसला आहे, पण ध्वनिमुद्रणाचे हक्क प्रकाशनानंतर भारतात 60 आणि ब्रिटनमध्ये 70 वर्षे टिकतात, आणि कोणतेही जबाबदार लेबल त्याची लेखी परवानगी मागणार. हा सारा संगीतप्रकार विन्स्टन्स या अमेरिकन बँडच्या 1969 च्या रेकॉर्डमधल्या ग्रेगरी कोलमनच्या सुमारे सात सेकंदांच्या ड्रमवादनावर मोठा झाला, आणि 2006 मध्ये तो वारला तोवर त्याला त्यातला एक पैसाही मिळाला नव्हता. या अन्यायाची आठवण ठेवून मी तुला आग्रहाने सांगतो: तो आवाज काढ, आणि घरातल्या कोणाकडून जात्यावरची पारंपरिक ओवी गाऊन घे, तिचे ध्वनिमुद्रण स्वतः कर आणि गाणारीचे नाव श्रेयात लिही.

पाठवताना तीन नव्हे, एकच ट्यून पाठव. मी पहिली निवडली असती. सोबत दोन ओळींचे पत्र असावे आणि त्यात त्या लेबलच्या कोणत्या ट्यूनशेजारी तुझी ट्यून वाजू शकेल, ते लिही. मास्टरिंग, म्हणजे प्रकाशनापूर्वीचा ध्वनीवरचा शेवटचा हात, स्वतः करू नकोस, ते लेबल करून घेते. लिमिटर (आवाजाची पातळी दाबून धरणारे साधन) काढलेली 24 बिटची वेव्ह फाइल तयार ठेव. होकार आल्यास कराराचा मसुदा येईल. खर्च वजा जाता नफा निम्मा-निम्मा वाटून घेण्याची पद्धत स्वतंत्र लेबलांमध्ये रूढ आहे, त्यामुळे तेवढ्यावर अडून बसू नकोस. मूळ ध्वनिमुद्रणाचे हक्क किती वर्षांसाठी दिले जात आहेत आणि पुढच्या ट्यूनवरही लेबलचा पहिला हक्क राहणार आहे का, हे दोन मुद्दे मात्र तपासून घे. मसुदा आला की सही करण्यापूर्वी मला पाठव. त्यावर माझ्या ओळखीच्या वकिलांचे मत घेऊन कळवीन.

कळावे.

तुझा शुभचिंतक