वृद्धाश्रम बघायला जाताय? शेवटच्या खाटेपाशी जा

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि पलीकडच्या चंदगडहून या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच अडचणीचे आहेत. मुलं पुण्याला नाहीतर बेंगळुरूला, आई-वडील इथं एकटे, आणि त्यांच्यासाठी एखादा आश्रम किंवा केअर होम बघायची वेळ आलेली. मी तीस वर्षं नर्सिंग केलं, त्यातली शेवटची बारा वर्षं म्हाताऱ्या माणसांतच गेली. तिथं जे पाहिलं त्यावरून उत्तरं देते.

प्रश्न : आई ७९ वर्षांची, शहापुरात एकटी असते. खुब्याचं हाड मोडल्यापासून वॉकर लागतो. मी पुण्यात नोकरीला. सुट्टीत येऊन दोन ठिकाणं पाहिली, दोन्ही चकाचक वाटली. निवड कशी करावी?

दोन्ही ठिकाणी पुन्हा एकदा जा. या वेळी न कळवता जा आणि संध्याकाळी सातनंतर जा. सकाळी अकराला कुठलंही घर चांगलंच दिसतं. फरशी पुसलेली, सगळ्यांच्या अंघोळी झालेल्या, चार हसरी माणसं हॉलमध्ये टीव्हीसमोर. रात्रीचं जेवण भरवायच्या वेळी मात्र माणसं कमी पडतात, आणि कुणाकुणाला घाईघाईनं भरवलं जातं ते तेव्हाच दिसतं. संध्याकाळी आत सोडायला कुणी काचकूच केली तर तेही लक्षात ठेवा.

आत गेल्यावर ज्याला उठता येत नाही, बोलता येत नाही, त्या माणसाच्या खाटेपाशी जा. ती खाट बहुधा कोपऱ्यात असते. त्याची नखं कापलीत का? ओठ सुकलेत का? पाण्याचा तांब्या हाताला लागेल असा ठेवलाय का? खोलीत लघवीचा वास कोंडलाय का? जो तक्रार करू शकत नाही त्याला जसं ठेवलंय, तशीच त्या घराची रीत. तुमची आई आज वॉकरनं चालते, पण पाच वर्षांनी त्या खाटेवर ती असू शकते.

माझ्या सख्ख्या आत्याला आम्ही एका ठिकाणी ठेवलं होतं. मी नर्स, तरीही महिन्यातून एकदा जाऊन खुर्चीवर बसायची, गप्पा मारायची आणि निघायची. एका दिवाळीत नवे मोजे घालावेत म्हणून जुने काढले, तर डाव्या टाचेवर रुपयाएवढा काळा डाग. वरून कातडी कोरडी, बोट लावलं तर आत मऊ. टाच रोज कुणी बघितली असती तर तो डाग लाल असतानाच दिसला असता. ती जखम भरायला चार महिने लागले. ते दुःख अजून माझ्या मनातून जात नाही, म्हणून सगळ्यांना सांगते : भेटायला गेलात की मोजे काढा.

टाचा, माकडहाड, खुबे, कोपर या जागा बघायच्या. लाल जागेवर बोट दाबून उचला. क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर अजून वेळ गेलेली नाही. दाबूनही लालच राहिली तर बेडसोअरची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली असं समजा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथं ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, घट्ट किंवा जांभळट लागते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. एअर बेड असला तरी हे चुकत नाही. रात्री दोनला कूस कोण बदलतं, एवढंच विचारा. नाव सांगता आलं तर ठीक. “आमचा स्टाफ असतो ना” हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही.

बाकीचं पटकन बघून होतं. संडास-बाथरूममध्ये धरायला दांडी हवी, फरशी घसरडी नको, कडी बाहेरून उघडता यायला हवी. खिडक्यांना ग्रिल असतंच, पण बाहेर पडायच्या दाराला रात्री कुलूप लागत असेल तर किल्ली कुणाकडे, कुठल्या खिळ्यावर? आग विझवायच्या सिलिंडरवरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का? आणि खानापूरच्या बाजूला घर बघत असाल तर आपल्याकडचा पावसाळा विसरू नका. वीज रात्ररात्र जाते. इन्व्हर्टर किती तास चालतो आणि भर पावसात अॅम्ब्युलन्स दारापर्यंत येते का, ते विचारून घ्या.

प्रश्न : वडिलांना स्मृतिभ्रंश आहे. जे ठिकाण परवडतंय तिथल्या सगळ्या आया कन्नड बोलतात. वडिलांना कन्नड चांगलं यायचं, दुकानच होतं त्यांचं. फरक पडेल का?

पडेल. या आजारात नंतर शिकलेली भाषा बहुधा आधी निसटते आणि लहानपणची मागं राहते. आमच्या वॉर्डात येळ्ळूरकडचे एक आजोबा होते. रात्री उठून म्हणायचे, “परसाकडं जायाचं हाय.” नवी आया रामदुर्गची. तिला वाटलं, आजोबांना कुठंतरी बाहेर जायचंय. ती मायेनंच त्यांना परत निजवायची. तिसऱ्या वेळी ते कठड्यावरून उतरायला गेले, पडले आणि मनगट मोडलं. त्यांना फक्त संडासला जायचं होतं.

म्हणून वडील घरात जे शब्द वापरतात तेच लिहून काढा. पाणी, भूक, लघवी, परसाकडं, दुखतंय, थंडी वाजते, असे वीसेक शब्द पुरतात. प्रत्येकापुढे कन्नड लिपीत अर्थ लिहा आणि तो कागद उशाशी भिंतीला चिकटवा. दिवसाच्या आणि रात्रीच्या पाळीत एक तरी मराठी समजणारं माणूस द्या, असं ठरवतानाच सांगा. आपल्या भागात ही मागणी अवघड नाही.

भाषेवरून माणसाची पारख मात्र करू नका. मी पाहिलेली सगळ्यात चांगली आया बैलहोंगलची. मराठी जेमतेम, पण प्रत्येकाला “ऊटा आत?”, म्हणजे जेवण झालं का, असं कन्नडमध्ये विचारून उत्तर येईपर्यंत तिथंच थांबायची. वडील पूर्वी नाचण्याची आंबील घेत असतील, भाकरी दुधात कुस्करून खात असतील, तर तेही त्याच कागदावर लिहा.

प्रश्न : निपाणीहून दर रविवारी सासूबाईंना भेटायला जाते. गेले दोन महिने त्या झोपलेल्याच असतात. “वय झालं” असं सांगतात. खरं असेल का?

नुसत्या वयामुळं माणूस दोन महिन्यांत असा झोपाळू होत नाही. आज कुठली औषधं चालू आहेत त्याचा चार्ट मागा आणि दोन महिन्यांपूर्वीच्या चिठ्ठीशी ताडून बघा. झोपेची किंवा शांत ठेवायची गोळी वाढली असेल तर ती कुठल्या डॉक्टरनं, कधी आणि कशासाठी दिली ते लेखी असलं पाहिजे. रात्री माणसं कमी असली की गोळी देऊन निजवायचा मोह होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अशा गोळ्यांनी माणूस पडतो, जेवण कमी होतं, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. गोळ्या तुम्ही होऊन एकदम बंद करू नका, त्यानंही त्रास होतो. पाणी कमी पडणं, लघवीचा जंतुसंसर्ग, साखर कमी होणं किंवा सोडियम उतरणं, यांनीही अशीच ग्लानी येते. म्हणून याच आठवड्यात बाहेरच्या डॉक्टरांना दाखवा. दर महिन्याच्या वजनाची नोंदही मागा. ती ठेवतच नसतील तर तिथल्या देखभालीबद्दल मला शंका वाटते.

प्रश्न : डिपॉझिट दोन लाख मागतात. करार कन्नडमध्ये आहे, आम्हाला वाचता येत नाही. “रजिस्टर्ड संस्था आहे, काळजी करू नका” म्हणतात.

वाचता न येणाऱ्या कागदावर सही करायची नाही. मराठी तर्जुमा मागा किंवा कन्नड जाणणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून ओळ न् ओळ वाचून घ्या. डिपॉझिट किती दिवसांत परत, दर वर्षी फी किती वाढणार, दवाखान्यात नेलं तर सोबत कोण आणि त्याचे पैसे कुणाचे, मृत्यू झाल्यास उरलेल्या महिन्याचं काय, ही उत्तरं करारात सापडली पाहिजेत. ट्रस्ट किंवा सोसायटीची नोंदणी म्हणजे संस्था कागदावर आहे, इतकंच. देखभाल कशी आहे ते त्यावरून कळत नाही. तिथं रुग्ण ठेवून उपचारही करत असतील तर कर्नाटकच्या २००७ च्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखालचं प्रमाणपत्र बघायला मागा. आई-वडिलांचं पासबुक, एटीएम कार्ड आणि कोऱ्या कागदावरचा अंगठा कुणालाही देऊ नका.

प्रश्न : मला चंदगडला दिलंय. भावानं वडिलांकडून अनगोळचं घर बक्षीसपत्रानं करून घेतलं आणि त्यांना बेळगावच्या आश्रमात ठेवलं. आता फीही भरत नाही. मी महाराष्ट्रात राहून काही करू शकते का?

करू शकता. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा केंद्राचा आहे, सीमा आड येत नाही. वडील जिथं राहतात किंवा मुलगा जिथं राहतो तिथं अर्ज चालतो, म्हणजे बेळगावच्या प्रांताधिकाऱ्यांपुढे. वडिलांना जमत नसेल तर त्यांनी अधिकार दिल्यावर तुम्ही अर्ज करू शकता. महिना १० हजारांपर्यंत पोटगी मिळू शकते, आणि नोटीस पोचल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. घराचा मुद्दा कलम २३ मध्ये येतो. सांभाळायच्या अटीवर दिलेलं घर, सांभाळलं नाही तर, परत मिळवता येतं. ती अट कागदात आहे का, यावर बरंच अवलंबून असतं. म्हणून बक्षीसपत्राची नक्कल आधी काढा.

प्रश्न : आईच्या दंडावर बोटांचे वळ दिसले. विचारलं तर ती गप्प बसते. तक्रार केली तर तिचेच हाल करतील अशी भीती वाटते.

भीती खरी आहे, म्हणून क्रम सांभाळा. आधी वळांचे फोटो काढा, त्यावर तारीख असू द्या. त्याच दिवशी “तपासणी करून आणते” म्हणून आईला बाहेर घेऊन या, सरकारी दवाखान्यात दाखवा आणि केसपेपरवर वळांची नोंद करून घ्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर साध्या धरण्यानंही डाग पडतात, तेही डॉक्टरांना विचारा. घरी आल्यावर तिला लगेच खोदून विचारू नका. अंघोळ घाला, डोक्याला तेल लावा, शेजारी निजा. बोलायचं झालं तर ती रात्री दिवा मालवल्यावर बोलेल. मारहाण झाल्याचं कळलं तर पोलिसांसाठी ११२, आणि सल्ल्यासाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७. तिचं सामान तिथं राहिलं तर राहू दे, ते आणायला तिला सोबत नेऊ नका.