पाकिटं फेकू नकोस

प्रिय मुली,

तुझा आराखडा वाचला. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या बायनेकी लायब्ररीत ‘डायल’ या जुन्या अमेरिकन साहित्य-मासिकाच्या दप्तरासाठी तीन आठवडे. त्यातले दोन एलियट आणि पाउंड या कवींच्या पत्रांना, आणि शेवटी ‘वेळ उरला तर हिशेब’. हे उलटं कर.

स्कोफील्ड थेअर आणि सिब्ली वॉटसन, दोघंही घरचे गडगंज. १९१९मध्ये त्यांनी ‘डायल’ घेतलं आणि पुढं मासिकाचा तोटा स्वतःच्या खिशातून भरला. त्यामुळे थेअरच्या नावानं आलेलं पत्र हे संपादकाला जेवढं आहे तेवढंच पैसेवाल्यालाही आहे. लिहिणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, वाचणारे आपणच विसरतो.

एलियटच्या ‘द वेस्ट लँड’ या कवितेचंच बघ. मर्ढेकर शिकताना या कवितेचं नाव आपण सगळ्यांनीच ऐकलंय, तिचा भाव कसा ठरला हे कुणी सांगितलं नाही. १९२२च्या सुरुवातीला थेअरनं कविता डोळ्यांनी न बघताच दीडशे डॉलर देऊ केले. मार्चमध्ये एलियटची तार आली: अमुक पौंडांखाली जमणार नाही. आकडा होता ८५६, आणि आठाच्या दोन्ही बाजूंना उद्गारचिन्हं! नुसती तार हातात आली तर म्हणशील, काय हा कवीचा माज. पण थेअरचं उत्तर वाच. तारखात्याचा काही घोटाळा असावा, असं तो स्वतःच म्हणतो. अभ्यासकांचा अंदाज असा की एलियटला पन्नासच म्हणायचे होते. त्याची खरी ठसठस त्यानंतरच्या पत्रात आहे: कादंबरीकार जॉर्ज मूरला म्हणे एका कथेचे शंभर पौंड मिळाले. म्हणून सांगते, एक कागद कधी एकटा वाचू नकोस. त्याच्या आधीचा आणि नंतरचा काढल्याशिवाय वहीत काही उतरवू नकोस.

सौदा शेवटी सप्टेंबरात, न्यूयॉर्कला जॉन क्विन या वकिलाच्या कचेरीत जमला. थेअर तेव्हा व्हिएन्नात, फ्रॉइडकडे उपचार घेत होता. कवितेचे दीडशेच, पण वर ‘डायल’चं दोन हजार डॉलरचं पारितोषिक, शिवाय पुस्तक निघाल्यावर त्याच्या साडेतीनशे प्रती मासिकानं घ्यायच्या. कविता नोव्हेंबरच्या अंकात आली, एलियटनं तिला जोडलेल्या टिपांशिवाय. गंमत म्हणजे वॉटसनला ती पहिल्या वाचनात फारशी भावली नव्हती. पारितोषिक कवितेला की नावाला, हे तू ठरव. माझं मत तुला माहीत आहे.

आता माझी एक चूक सांगते, आजवर कुणाला सांगितली नाही. पंचविशीत असताना एका बंद पडलेल्या मराठी मासिकाचे कागद लावायचं काम मला मिळालं होतं. मालक वारले होते, घरच्यांना खोली रिकामी हवी होती. पत्रं मी जपून ठेवली; रिकामी पाकिटं, मानधनाच्या पावत्या आणि कागदवाल्याची बिलं मात्र दोन पोत्यांत भरून रद्दीवाल्याला दिली. मग पत्रं लावायला बसले, तर निम्म्यांवर तारीखच नाही. कुणी ‘सोमवार’, कुणी ‘दुपारी’ एवढंच लिहिलेलं. तारीख होती ती पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्यात. पोत्यांचे सतरा रुपये आले होते, त्यांचा आम्ही चहा प्यायलो.

थेअरची खासगी टिपणंही त्याच दप्तरात आहेत. १९२६मध्ये त्यानं मासिक सोडलं, मन पार ढासळलेलं होतं, आणि नंतर मरेपर्यंत, म्हणजे १९८२पर्यंत, तो जगापासून लांब राहिला. ती टिपणं चघळायला म्हणून वाचू नकोस. तुझ्या प्रश्नाशी संबंध असेल तेवढीच वाच, आणि वाचलीस तर पूर्ण वाच. मधलीच चटकदार ओळ उचलणाऱ्यांचा मला राग आहे.

वाचनकक्षात पेन चालत नाही, पेन्सिली ने. आणि स्वेटर, अशा खोल्यांमध्ये तासाभरात हुडहुडी भरते. खोक्यातल्या कागदांचा क्रम मोडू नकोस, कितीही चुकीचा वाटला तरी. एकेक फोल्डर उघड, तो मिटल्यावरच दुसरा.

ती तार मी फक्त पुस्तकात छापलेली बघितलीय. तुझ्या हातात आली तर ती उद्गारचिन्हं खरंच तशी आहेत का ते बघ, आणि लगेच कळव. तिकडे रात्र असली तरी चालेल, माझी इथे सकाळ असेल.

तुझी,
मॅडम (आता तरी मावशी म्हण)