शिलाई मशीनची साइट आणि 48 महिन्यांचं होस्टिंग

प्रश्न : मी इचलकरंजीत 16 वर्षं शिवणक्लास घेते. कोणतं मशीन घेऊ, मोटर बसवून घेऊ का, पिको-फॉलला वेगळं मशीन लागतं का, असं मुली सारखं विचारतात. म्हणून मराठीत शिलाई मशीनची माहिती देणारी वेबसाइट काढायची आहे. वाचून कुणी लिंकवरून मशीन घेतलं तर मला कमिशन मिळेल. एका कंपनीचं होस्टिंग (साइट ठेवायला त्यांच्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, भाड्याची जागा) महिना 89 रुपयांत मिळतंय, डोमेन (साइटचं नाव-पत्ता) फुकट. पण 48 महिन्यांचे पैसे एकदम भरायचे. जाहिरातीचा फोटो जोडला आहे. भाचा म्हणतो, स्वस्तातलं नको, सरळ व्हीपीएस (सर्व्हरचा आपल्यापुरता राखलेला वाटा) घे. 'टॉप टेन होस्टिंग'च्या याद्या वाचून तर गोंधळ आणखीच वाढला. काय करू?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, आधी त्या याद्या बाजूला ठेवा. तुम्ही जो धंदा करणार आहात तोच त्या लिहिणारेही करतात. शिलाई मशीन विकलं गेलं तर किमतीच्या काही टक्के हातात पडतात. कित्येक होस्टिंग कंपन्या मात्र एका नव्या गिऱ्हाइकामागे हजारो रुपये देतात. यादीत पहिला नंबर कुणाचा, हे पुष्कळदा त्यावर ठरतं. सगळेच खोटं लिहितात असं नाही. पण ज्यानं त्या सर्व्हरवर स्वतःची साइट वर्षभर चालवली आणि काय बिघडलं तेही सांगितलं, त्याचंच ऐका.

आता ते 89 रुपये. 48 महिन्यांचे झाले 4,272. वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आज खिशातून 5,041 रुपये जाणार. तुमच्याच फोटोत खाली बारीक अक्षरांत रिन्यूअलचा दर आहे : महिना 329. पुढची चार वर्षं त्या दराने घेतली तर जीएसटी धरून 18,635 होतात. ही त्या होस्टिंगची खरी किंमत. त्या 'फुकट' डोमेनचेही दुसऱ्या वर्षापासून पैसे पडतात का, तेवढं विचारून घ्या.

मी तुमच्या जागी असतो तर एकाच वर्षाचे पैसे भरले असते, महिन्याचा दर थोडा जास्त पडला तरी. ॲमेझॉनच्या असोसिएट्स या लिंकवरून कमिशन देणाऱ्या कार्यक्रमात नाव नोंदवल्यावर 180 दिवसांत निदान तीन विक्र्या व्हाव्या लागतात, नाहीतर खातं बंद होतं. जिथे सहा महिन्यांत आपली परीक्षा आहे, तिथे चार वर्षांचं भाडं आगाऊ कशाला द्यायचं?

डोमेन मात्र वेगळ्या ठिकाणी, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या नावाने विकत घ्या. भाच्याच्या ईमेलवरही नको. तो कितीही गुणी असला तरी उद्या नोकरीला बंगलोरला गेला की प्रत्येक ओटीपीसाठी त्याला फोन करावा लागेल. होस्टिंग कधीही बदलता येतं. लोकांच्या तोंडी बसलेलं नाव दुसऱ्याच्या खात्यात अडकलं तर ते सोडवताना जीव मेटाकुटीला येतो.

व्हीपीएसबद्दल भाच्याचं म्हणणं काळजीपोटी आहे, पण तुम्हाला त्याची गरज नाही. साध्या व्हीपीएसवर सर्व्हरचे अपडेट, फायरवॉल, रात्री दोनला काही बंद पडलं तर ते उठवणं, सगळं आपल्या गळ्यात. तुमची साइट म्हणजे लेख, फोटो आणि लिंका. तिला चांगलं शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) पुरतं, आणि हे मी पोळल्यावर सांगतोय.

2019 ची धनत्रयोदशी. माझी मिक्सर-ग्राइंडरची साइट तेव्हा बरी चालत होती. सकाळी साडेदहाला एका वाचकाने स्क्रीनशॉट पाठवला. पांढरं पान, त्यावर 508 आणि 'रिसोर्स लिमिट इज रीच्ड', म्हणजे सर्व्हरवरची आमची मर्यादा संपली. वर्षातली सगळ्यात मोठी गिऱ्हाइकी, आणि आमचं शटर खाली! सपोर्टच्या चॅटवर दोन तास घालवले, तर म्हणाले मोठा प्लॅन घ्या. घेतला. दुसऱ्या दिवशी गर्दी वाढली आणि पुन्हा तेच पांढरं पान. लक्ष्मीपूजनाच्या रात्री घरातले सगळे अंगणात, आणि मी एकेक प्लगइन (साइटला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) बंद करत बसलेलो. सापडलं ते असं : 'हा लेख इतक्या जणांनी वाचला' हा आकडा दाखवणारं एक चिमुकलं प्लगइन. कॅशमुळे (पानाची आधीच करून ठेवलेली प्रत) पान तयार मिळत होतं, पण हा आकडा वाढवायला प्रत्येक वाचकामागे सर्व्हरला नव्याने कामाला लागावं लागायचं. जुन्या प्लॅनमध्ये अशी 20 कामं एका वेळी चालायची, एकविसावा आला की दार बंद. प्लगइन काढलं, साइट उठली. महिनाभरात जुन्या प्लॅनवर परत आलो, आणि पुढच्या दोन दिवाळ्या तिथेच निभावल्या.

म्हणून कंपनीला विचारताना 'अनलिमिटेड' या शब्दावर जाऊ नका. एंट्री प्रोसेस म्हणजे एका वेळी चालणारी अशी कामं किती, फाइलींची संख्या म्हणजे इनोड किती, कॅशिंग सर्व्हरवरच आहे का, हे विचारा. एसएसएलचे (साइट सुरक्षित असल्याच्या प्रमाणपत्राचे) वेगळे पैसे मागत असतील तर उठून या; लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र फुकट मिळतं. आणि सर्व्हर मुंबईत आहे का, ते आवर्जून विचारा. तुमचे वाचक कोल्हापूर-सांगलीचे. अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत एका हेलपाट्याला साधारण पाव सेकंद जातो, आणि एक पान उघडायला असे कित्येक हेलपाटे होतात. पानावरचा मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असं गूगलचं माप आहे. अर्थात मोबाइलवर काढलेला चार एमबीचा फोटो तसाच चढवलात तर मुंबईचा सर्व्हरही काही करू शकणार नाही. शटलचा, बॉबिन केसचा फोटो वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये करून शंभर केबीच्या आसपास आणा.

परदेशी कंपनी घेतलीत तर एक गोष्ट जपा. ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून आपोआप होणारं पेमेंट पुष्कळदा अडतं, आणि साइट बंद पडल्यावरच ते कळतं. रिन्यूअलची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा, पंधरा दिवस आधीची.

बॅकअप कंपनी घेते, तरी आपला आपण घ्या. तुम्ही मुलींना नवं कापड कापण्याआधी कागदाचा फर्मा करून ठेवायला लावत असाल, तसंच हे. दर महिन्याच्या एक तारखेला पूर्ण बॅकअप उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा. आणि पहिल्याच महिन्यात, साइटवर चारच लेख असताना, तो परत चढवून पाहा. काही चुकलं तर चारच लेख पुन्हा लिहावे लागतील.