रिव्ह्यू पडून राहतो तेव्हा

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल तपासून मुख्य कोडमध्ये घ्या’ अशा विनंत्या, चार-चार दिवस पडून राहतात, आणि आता इतरांच्या तुझ्याकडेही रिव्ह्यूला, म्हणजे तपासायला, येऊ लागल्यात. मी तपासणाऱ्याच्या बाजूने सुरुवात करतो, तिथे तुझ्या हातात जास्त आहे.

रिव्ह्यू करणाऱ्याला वाटतं, दोन दिवस इकडेतिकडे झाले तर काय बिघडलं? बिघडतं ते लिहिणाऱ्याचं. माझ्याकडून हे झालंय. एका सहकाऱ्याची जेमतेम चाळीस ओळींची पुल रिक्वेस्ट ‘सवडीने नीट बघू’ म्हणत मी आठवडाभर ठेवली. तेवढ्यात दुसऱ्या कुणीतरी तेच फंक्शन बदललं. रिबेस करताना, म्हणजे आपला बदल त्या नव्या कोडवर बसवताना, कॉन्फ्लिक्ट आला (दोन्ही बदल एकमेकांना भिडले), आणि तोवर स्वतःच्याच कोडमागचा विचार माझ्या सहकाऱ्याच्या डोक्यातून निघून गेला होता. कॉन्फ्लिक्ट सोडवताना नल, म्हणजे रिकामी व्हॅल्यू, तपासणारी एक ओळ गळाली. उशीर झाला म्हणून मी घाईने अप्रूव्ह केलं. कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणाऱ्या गिट ब्लेममध्ये त्या चुकीपाशी त्याचं नाव दिसत होतं. माझा तो आठवडा कुठेच दिसत नव्हता. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

म्हणून पहिलं उत्तर लवकर दे. गूगलने आपल्या इंजिनिअरिंगच्या पद्धती जाहीर केल्या आहेत, त्यात उत्तरासाठी जास्तीत जास्त एक कामाचा दिवस सांगितलाय. उत्तर म्हणजे मंजुरी नव्हे. ‘आज जमणार नाही, उद्या दुपारपर्यंत बघतो’ एवढं लिहिलंस तरी समोरचा आपलं काम आखू शकतो. त्यासाठी रंगात आलेलं काम मोडू नकोस, तसं तिथेही म्हटलंय. मी सकाळी एडिटर उघडण्याआधी आणि जेवून आल्यावर रिव्ह्यू बघतो. शंका फक्त एखाद्या नावापुरती किंवा स्पेलिंगपुरती असेल, तर ‘निट’ (इंग्रजी nit, म्हणजे किरकोळ सूचना) लिही आणि अप्रूव्ह करून टाक. त्या एका शब्दासाठी माणसाला आणखी एक फेरी मारायला लावू नये. तो दुसऱ्या टाइम झोनमध्ये असेल, तर त्या फेरीत त्याचा अख्खा दिवस जातो.

आता तुझ्या पुल रिक्वेस्टबद्दल. त्याच मार्गदर्शनात सुमारे 100 ओळींचा बदल बेताचा आणि 1000 ओळींचा सहसा फार मोठा मानलाय. तू पाठवलेली मी उघडून पाहिली: अकरा फाइल्समध्ये नुसतं नाव बदललंय आणि खरा बदल बाराव्या फाइलमध्ये, मधोमध. ती उघडली की कुणालाही वाटणार, ‘संध्याकाळी बघू’. नाव बदलणं वेगळं काढ, ते पाच मिनिटांत मर्ज होईल, म्हणजे मुख्य कोडमध्ये जाईल. उरलेल्याच्या वर्णनात वाचायला कुठून सुरुवात करायची ते लिही.

आणि आठवण करून द्यायला संकोचू नकोस. लिनक्स कर्नलला (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) पॅच, म्हणजे कोडमधले बदल, पाठवणाऱ्यांना आठवण करण्याआधी किमान आठवडाभर थांबायला सांगतात, कारण तिथे तो कोड सांभाळणाऱ्या मेंटेनरकडे जगभरातून पॅच येतात. तुझ्या सहा जणांच्या टीममध्ये एक दिवस पुरे. सगळ्यांना टॅग करू नकोस, एकालाच नाव घेऊन विचार. सहा जणांना टॅग केलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणीतरी बघेल.

उद्या ती पुल रिक्वेस्ट दोन तुकड्यांत पाठव. पाठवण्याआधी डिफ, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधला फरक, स्वतः एकदा वाच, मग मला लिंक दे. मी दुपारच्या आत बघतो.

तुझा,
एक जुना सहकारी