जिनिव्हाच्या अर्जाबद्दल

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

संयुक्त राष्ट्रांच्या अल्पसंख्याक फेलोशिपचा तुझा अर्ज वाचला. भाषा छान आहे, पण 'शतकानुशतकांचा अन्याय' हे पहिलं पान काढ. जिनिव्हाच्या मंचावर बोलायला जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळतात. आपल्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणाऱ्या १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून सुरुवात केलीस तर त्यातून त्या विमुक्त झाल्या त्या १९५२ला पोचेपर्यंत माइक बंद होईल.

एकाच पालाबद्दल, म्हणजे आपल्या एकाच तंबूवस्तीबद्दल बोल. आपल्या विमुक्त-भटक्यांना जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. गावोगाव हाकललेल्या माणसांनी तो आणायचा कुठून? दाखला नाही म्हणून ग्रामपंचायतीच्या राखीव जागेवर उभं राहता येत नाही. मतदारयादीतच नाव नसेल तर बोलणंच खुंटलं. पालावर किती घरं, दाखले किती, यादीत नावं किती, हे तीन आकडे तू स्वतः मोजलेले हवेत. माझ्या जुन्या वहीतले नकोत.

आणखी एक. संयुक्त राष्ट्रांचा १९९२चा जाहीरनामा अल्पसंख्याकांना सार्वजनिक जीवनात प्रभावी सहभागाचा हक्क देतो खरा, पण त्यात वांशिक, धार्मिक, भाषिक असे गट आहेत. भटके नावानं नाहीत. आपल्याला जवळचं दार संयुक्त राष्ट्रांच्याच वंशभेद निर्मूलन समितीचं. २००२मध्ये तिनं जन्माधारित भेदभावात जातही धरली. भारत सरकारला ते मान्य नाही, तेव्हा वाद होणार हे धरून जा. २००७मध्ये याच समितीनं भारताला १८७१च्या कायद्याच्या जागी आलेला सराईत गुन्हेगार कायदा रद्द करा आणि विमुक्त-भटक्यांचं पुनर्वसन करा, असं सुचवलं. तो परिच्छेद मराठीत करून दाखल्याच्या अर्जाला जोड. त्यानं दाखला लगेच मिळेल असं नाही, पण टपालाची पोच तरी जपून ठेवता येते.

मी पहिल्यांदा परदेशी परिषदेला गेले तेव्हा समाजाच्या वतीनं खूप बोलले. परत आल्यावर पालावरच्या एका म्हातारीनं विचारलं, "तुला कुणी धाडलं होतं गं?" मला उत्तर देता आलं नाही. तू आधी बायकांची बैठक घे, काय मांडू ते त्यांनाच विचार. पुरुष मध्ये बोलतील. बोलू दे, पण लिहून बायकांचंच घे.

रविवारी सकाळी ये. मतदारयादीची प्रत आणि दोन पेनं आण. माझं एक चालत नाही.

तुझी,
बाई